सहापैकी शून्य आणि ती शाल

दिनू, माणसानं मरावं तर सबंध मरावं. तुला तेवढंही धड जमलं नाही.

तुला जाऊन आज तेरा दिवस झाले, आणि आज सकाळीसुद्धा तुझा मूठभर तुकडा नवीन पनवेलच्या एका दुसऱ्या मजल्यावर, ताईच्या पोटात, उजव्या जांघेच्या जरासा वर बसून आपलं काम चोख करत होता. तळोज्याच्या कंपनीत कधी शिफ्ट चुकवली नाहीस, मेल्यावरही चुकवत नाहीस. मी मेलो की सगळाच्या सगळा जाईन, मिशीसकट. मला अर्धापाव ठेवून घ्यायला कुणी तयार नाही. लोक तुझ्यासाठी रडताहेत. मीही रडतो, पण चार थेंब पडले की पाचवा जळजळत येतो. तो मत्सराचा. खोटं कशाला बोलू? तसं मी बोलतोच. आज नाही.

मंडळानं यंदाचे टेनिस क्रिकेटचे सामने तुझ्या नावानं ठेवलेत, आणि त्याच्या स्मरणिकेत मला दोन शब्द लिहायला सांगितलंय. मला! दोन शब्द! ज्याला नाणेफेक सांगायला वीस मिनिटं लागतात त्याला! पनवेलपासून उरणपर्यंत असं एक मैदान दाखव जिथं तुझा हा दादूस हसुराम माईक घेऊन बसलेला नाही. मी सांगितलेला षटकार नुसता सीमेपार कधी जातच नाही. एकदा आपल्या मैदानावरून उडालेला चेंडू मी चालत्या ट्रेलरवर टाकला, द्रोणागिरीच्या गोदामात नेला, तिथून बोटीत चढवला आणि दुबईत कुणीतरी झेलला म्हणून फलंदाजाला बाद करून टाकलं. लोक अजून विचारतात, पंचानं खरंच बोट वर केलेलं काय. आणि तू माझ्या शेजारी, स्कोअररच्या खुर्चीत, वहीत मान घालून शांतपणे सहा लिहायचास. मी दुबई म्हणालो तरी सहा.

त्या वहीचा मला फार राग यायचा.

ताईच्या दोन्ही किडन्या गेल्याचं कळलं त्या वेळी आई-बाबा दोघंही गेलेले होते. भाओजींना साखरेचा आजार, त्यांची किडनी त्यांनाच पुरेना. राहिलो आपण दोघं. तिघांचा रक्तगट एकच निघाला, आणि मी मैदानात उतरायच्या आधीच विजयाची फेरी मारून घेतली. नाक्यावरच्या चहावाल्याला सांगितलं, "दोन्ही देतो. एक चालवायला, एक स्टेपनी." तू तिथंच उभा होतास. बशीत चहा ओतून फुंकर घालत राहिलास.

मला ती किडनी द्यायचीच होती, दिनू. ताईवरच्या प्रेमानं म्हणशील तर हो, पण अर्धीच गोष्ट सांगितल्यासारखं होईल. आई मिठागरावर आणि बाबा बांधावर असायचे तेव्हा आपल्याला ताईनं वाढवलं, आणि त्या सबंध काळात चिंबोरीची मोठी नांगी एकदाही माझ्या ताटात पडली नाही. तुझ्या पडायची. "धाकला हाय रं तो," ती म्हणायची. तू चाळिशीचा झालास, डोक्याचे केस गेले, तरी धाकलाच होतास. मला वाटलं, आता असं काही देतो की नांगीची गोष्ट कायमची मिटेल. ताई अंघोळ करताना, पाणी पिताना, पाय मोकळे करायला उठताना, दर वेळी तिला माझी आठवण होईल. तुझी नाही.

मग आपण तिघं त्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. नेमकं जेवायच्या वेळेला जाऊन धडकलो, तरी तिनं हाकललं नाही. स्टीलच्या डब्याचं झाकण उलटं करून टेबलावर ठेवलं आणि त्यात भेंडीची एक फोड टाकली.

"हे बघा," ती म्हणाली, "अंगातली प्रत्येक पेशी म्हणजे एक घर समजा. घराच्या दारात हे असं ताट. आत जे काही बनतं त्याचा एकेक तुकडा पेशी या ताटात ठेवून बाहेर मांडते. आणि रक्तातल्या पहारेकरी पेशी दारोदार फिरत असतात. ताट बघतात, ताटातला तुकडा बघतात. ताट आपल्या घडणीचं, तुकडा ओळखीचा, तर पुढं जातात. तुकडा अनोळखी निघाला, म्हणजे आत विषाणू शिरलाय, तर घरच पाडतात. आणि समजा ताटच परक्या घडणीचं असेल—"

"तर राडा," मी म्हणालो.

"राडा," ती म्हणाली. "त्या ताटांना आम्ही एचएलए म्हणतो. किडनी कुणाची घ्यायची ते ठरवताना आधी अशी सहा ताटं जुळवून बघतो."

तू विचारलंस, "मॅडम, पन आपलं कोनतं नि परकं कोनतं, ते या पहारेकऱ्यांना शिकवतं कोन?" असले प्रश्न तुलाच सुचायचे. मला सुचले असते तर मी पाच वर्षं सांगत फिरलो असतो.

"छातीच्या हाडामागं एक ग्रंथी असते. लहानपणी तिथं त्यांची शाळा भरते. ज्याला ताट ओळखताच येत नाही तो नापास. आणि जो आपल्याच घरच्यावर चवताळून उठतो, तोही नापास. नापास म्हणजे तिथंच संपला. बहुतेक सगळे तिथंच संपतात, फार थोडे पास होऊन बाहेर पडतात."

"म्हणजे आमचं हायस्कूल," मी म्हणालो. ताई खळखळून हसली. तिचा चेहरा तेव्हा वाळलेल्या बोंबलासारखा झाला होता, त्याच्यावर ते हसू बघून मला वाटलं, सामना माझाच.

मग डॉक्टरीणबाईनं कागद उघडला. दिनेश आणि वनिता, सहापैकी सहा. हसुराम आणि वनिता, सहापैकी शून्य.

मी म्हटलं, "मॅडम, नावं उलटी पडलीत."

नव्हती पडली. मी म्हटलं मशीन बिघडलं असेल, पाऊसपाण्यात बिघडतात मशिनी. तिनं सांगितलं, मशीन ठीक आहे. मी म्हटलं, "अहो, शून्य कसं येईल? सख्खा भाऊ हाय मी. अनोळखी माणसाशीसुद्धा एखाद-दुसरं जुळंल!"

"जुळतं की कधी कधी," ती म्हणाली.

म्हणजे ताईच्या बिल्डिंगखालच्या पानवाल्याचं एखादं ताट तिच्याशी जुळलं असतं, आणि माझं एकही नाही! तिनं समजावायचा प्रयत्न केला. आईकडं ताटांचे दोन संच, बाबांकडं दोन. प्रत्येक लेकराला दोघांकडून एकेक संच मिळतो, कुणाला कोणता ते नशीब. चारांत एकदा भावंडांना तेच दोन मिळतात, आणि चारांत एकदा एकही सारखा मिळत नाही. इथं दोन्ही एकाच घरात घडलंय. एवढं ऐकलं आणि मी उठलो. तुम्हा दोघांना तेच दोन, म्हणजे मला उरलेले दोन. तिथंही नांगी तुलाच, मला कवच. ती पुढं काहीतरी सांगत होती, तू "दादूस, थांब" म्हणालास. मी थांबलो नाही. खाली जाऊन उसाच्या रसाचे तीन ग्लास प्यायलो आणि रसवाल्याला सांगितलं की माझी किडनी इतकी जबरी आहे की डॉक्टर घ्यायला घाबरले.

तिनं असंही म्हटलं होतं की अगदीच अडलं असतं तर माझीही चालवून घेतली असती, हल्ली औषधं आहेत. पण सहापैकी सहा समोर उभा असताना शून्याला कोण खेळवतो?

ऑपरेशनच्या दिवशी मी बारावा गडी. पाण्याच्या बाटल्या, फाईल, भाओजींच्या गोळ्या. तुझी डावी किडनी काढली, ताईची बिघडलेली दोन होती तिथंच ठेवली आणि तुझी पुढच्या बाजूला बसवली. तिला तीन, तुला एक, मला दोन. तिघांत मिळून सहा, बेरीज काही चुकली नाही. तासाभरात लघवी उतरायला लागली. सगळं खानदान काचेबाहेर उभं राहून त्या पिशवीकडं असं बघत होतं जसा गणपतीच दूध प्यायला बसलाय. मी गावात फोन करून सांगितलं, पाच लिटर! दुसऱ्या दिवशी नर्स म्हणाली, पाचाच्या वर गेली. आयुष्यात माझी एकच थाप खरी निघाली, तीही तुझ्या जिवावर, आणि वर कमी पडली.

तू शुद्धीवर आलास. डोळे नीट उघडायच्या आधी काय विचारलंस? "दादूसनी काय खाल्लं काय?"

हे मी तुला अजून माफ केलेलं नाही. माणूस कुशी फाडून पडलाय आणि थोरल्याच्या जेवणाची चौकशी करतोय! निदान त्या दिवशी तरी थोडा माजायचं होतंस. मला भांडायला जागा मिळाली असती.

एकच गोष्ट माझ्या बाजूनं पडली. सहापैकी सहा जुळूनही ताईला रोज सकाळी आठ आणि संध्याकाळी आठ, घड्याळाच्या ठोक्यावर गोळ्या. जुळ्यांचं एक वेगळं, डॉक्टरीणबाई म्हणाली, बाकी कितीही जुळलं तरी बारीकसारीक फरक राहतात, पहारेकऱ्यांना जरा गुंगीतच ठेवावं लागतं. केवढं बरं वाटलं मला ते ऐकून! म्हणजे ताईच्या रक्तातल्या पहारेकऱ्यांचाही तुझ्यावर पुरता भरवसा नाही. आठचा गजर वाजला की मी मुद्दाम तिला पाणी आणून द्यायचो आणि तुझ्याकडं बघायचो. तू म्हणायचास, "घे ताई, वेळेवर घे."

आता शालीचं सांगतो. ते सांगायलाच बसलोय, बाकीचं सगळं पुढ्यातलं पुढं ढकलणं होतं.

आपल्याकडं सामन्यांच्या बक्षीस समारंभात टेबलाखाली शालींचा गठ्ठा आणि नारळाचं पोतं तयारच असतं. सत्काराला फक्त माणूस लागतो. दोन वर्षांपूर्वीचा तो समारंभ, व्यासपीठावर पाहुणे, मी माईकवर, तू बाजूला वही घेऊन. देवाशपथ सांगतो, त्या संध्याकाळी माझ्या मनात चांगलं आलं होतं. मी म्हणालो, "मंडळी, या गावात असा एक भाऊ आहे ज्यानं आपल्या बहिणीला स्वतःची किडनी दिली! आणि तो भाऊ आत्ता, या क्षणी, या व्यासपीठावर आहे!"

आणि थांबलो. मोठं नाव घेण्याआधी मी थांबतोच, आवाजाची तीच तर खुबी. तेवढ्यात पाहुणे उठले, शाल झटकली आणि सरळ माझ्याकडं आले. खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला, बेंजोवाल्यांनी ताल धरला. मी तुझ्याकडं पाहिलं. वही मिटून तू टाळ्या वाजवत होतास. सगळ्यांत मोठ्यानं तूच. मी माईक तोंडाजवळ नेला. गाव ऐकत होतं. तुझं नाव जिभेवर होतं, दिनू.

"आभारी आहे," मी म्हणालो.

आयुष्यात माईकवर मी फक्त दोन शब्द बोललो ते तेवढेच.

मग काय, गोष्टीला पाय फुटले, आणि माझी गोष्ट चालत नाही, धावते. खाडीच्या तोंडाशी लहानपणी तू मला ढकललं होतंस, मी कालवांच्या धारदार शिंपांवर आपटलो होतो आणि कुशीवर सात टाके पडले होते. तोच व्रण शर्ट वर करून दाखवायला लागलो. सात टाक्यांचे सत्तावीस झाले. मग मी भूल न घेता किडनी दिली. मग ऑपरेशन चालू असताना सर्जनला स्कोअर विचारला. तूच दिलेल्या जखमेवर मी तुझीच किडनी माझ्या नावावर केली, आणि तू ऐकत होतास. नाक्यावर, हळदीच्या मांडवात, मासळी बाजारात. एकदाही म्हणाला नाहीस की हा फेकतोय. तू गप्प म्हणून घरचेही गप्प, आणि कुशी कुणाची फाडली ते गावाला कधी कळलंच नव्हतं.

शेवटी मीच तुला गाठलं. बाबा सांभाळायचे त्या बांधावर, जुन्या उघाडीपाशी. ती लाकडी झडप आठवते ना? ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर सोडायची आणि भरतीचं खारं पाणी आलं की आपली आपण मिटायची. आता पलीकडं सगळा भराव, शेत नाही की मीठ नाही, झडपेच्या चार फळ्या उरल्यात. तिथं उभं राहून चोरानं सावाला दम दिला.

"तू बोलला का नाय?"

"काय बोलू?"

"किडनी तुझी हाय म्हणून!"

"माझी कुठं? आता ताईची हाय ती."

"लोकांना सांग ना मग. सांग, दादूस खोटारडा हाय."

"तू सांग ना. माईक तुझ्याकडं असतो."

"दिन्या, टोमना मारतोस?"

"नाय रं." तू फळीवरचा चिखल पायानं काढत राहिलास. "शाल तुला बरी दिसते, दादूस. राहू दे."

मी पाय आपटत निघून आलो. तो वाद तिथंच अर्धा पडलाय. आपण त्याच्यानंतर पावसाबद्दल बोललो, टेंडरबद्दल बोललो, कोळंबीबद्दल बोललो, त्याबद्दल नाही. मी वाट बघत होतो की एक दिवस तू चिडशील, चारचौघांत मला उघडं पाडशील, आणि मग मी तुझ्याशी असा काही भांडेन की तळोज्याच्या कंपन्या सुट्टी देतील. तू चिडलाच नाहीस. आणि मग त्या सकाळी, पहिल्या पाळीला निघता निघता, हातात चहाची बशी असताना, छातीनं दगा दिला. ताईनं डॉक्टरला सर्वांत आधी काय विचारलं असेल? "एकाच किडनीमुळं झालं काय?" डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं, अजिबात नाही, ती एक उत्तम होती, हे हृदयाचं. तरी ती पदर तोंडात धरून पोटावर हात ठेवून बसून राहिली, उजव्या बाजूला. मी समोर उभा होतो. सख्खा भाऊ. माझ्यावर ठेवायला तिच्याकडं तिसरा हात नव्हता.

दहाव्याला पाण्यातून वर आलो आणि नाक्यावर बॅनर बघितला. वरती तुझा फोटो. खाली: 'बहिणीस किडनी देणारे आदर्श बंधू व सुप्रसिद्ध समालोचक श्री. हसुराम यांचे धाकटे बंधू कै. दिनेश यांच्या स्मरणार्थ.' माझा फोटोही होता. तुझ्याहून मोठा.

दिनू, मी आयुष्यभर तुझ्यावर जळलो, पण तुझं सगळंच घ्यायचं होतं असं नाही रे. तू होतास तोवर तुझ्या कुशीवर खूण होती, वेळ पडली तर शर्ट वर केला असतास. आता ती खूणही जळून गेली. राहिली माझी, कालवांची. मी गप्प बसलो असतो तर तू किडनी दिलीस ही गोष्ट तुझ्यामागून तेरा दिवसांत मेली असती, आणि तिला मारणारा मी असतो. शाळेतच नापास करायचा असतो तो पहारेकरी मीच. आपल्याच घरच्यावर चवताळलेला. मला पास कुणी केला कोण जाणे.

मंडळाच्या सेक्रेटरीला, सुऱ्याला, तिथूनच फोन लावला.

"सुऱ्या, बॅनर उतरव."

"का भाऊ? फोटो लहान झाला काय तुमचा?"

"मी किडनी नाय दिली. दिनूनी दिली."

तिकडून हसू. "भाऊ, मानला तुमाला. दुःखाच्या दिवसांत पन मस्करी."

"अरे खरं बोलतो!"

"समजलं, भाऊ, समजलं." त्याचा आवाज एकदम जड झाला. "गेलेल्या भावाचं नाव व्हावं म्हनून तुमी आपली किडनी त्याच्या नावावर करताय. असा भाव नाय बघितला मी. थांबा, बॅनरवर अजून एक ओळ टाकतो."

ऐकलंस? हसू नकोस. पन्नास वर्षं थापा मारल्या, लोकांनी गिळल्या. एक खरं बोललो तर माझा पुतळा उभारायला निघाले! मी ओरडलो, शपथ घातली, जितकी घातली तितका सुऱ्या गहिवरला. शेवटी घरी गेलो, कपाट उघडलं, ती शाल काढली. त्या समारंभानंतर प्लास्टिकच्या पिशवीत घातली ती कधी बाहेर न काढलेली. तिच्या घडीत मी तो कागद लपवला होता, दोन वर्षं, कुणाच्या हाती लागू नये म्हणून. सहापैकी शून्य. ज्या कागदाची मला सर्वांत जास्त लाज वाटली, तोच एक माझा साक्षीदार निघाला.

सुऱ्यानं तो रेती-सिमेंटच्या दुकानात गल्ल्यामागं बसून वाचला. दोनदा वाचला.

"मग ती कुशीवरची खून?"

"कालवं."

"आनि भूल न घेता?"

"सुऱ्या, काय राहिलं नाय त्यात. सगळं फेकलेलं."

त्यानं कागद उलटा करून मागची बाजूही बघितली. मग म्हणाला, "भाऊ, घरात पोरांना मी तुमचं उदाहरन देतो." शिवी दिली असती तर परवडलं असतं. मी म्हटलं, "आता दिनूचं दे." त्यानं कागदाचा फोटो काढून घेतला. तो याच स्मरणिकेत समोरच्या पानावर छापलाय. वाचणाऱ्यांनी बघून घ्यावा, माझ्या शब्दावर जाऊ नये.

मग ताईकडं गेलो. आज सकाळी. म्हटलं बाहेरून कळण्याआधी आपण सांगावं. ती गोळ्या काढत होती.

"ताई, शालीचं तुला ठाऊक हाय?"

"दोन वर्षं बाजारात कोळनी मला बोलतात, काय नशीब गं बाय तुझं, हसुरामसारका भाव मिळला. मला ठाऊक नसंल?"

"मग तू काय बोलायचीस?"

"बोलायचं, हो. मिळलाय." तिनं गोळी तोंडात टाकली, पाणी प्याली. "हशा, तू त्या दिवशी डॉक्टरीणबाईचं पुरतं ऐकलंस कुठं? पाय आपटीत गेलास."

"काय राहिलं ऐकायचं? तुमाला संच, मला उरलेलं."

"उरलेलं नाय रं मेल्या. ती बोलली, तुमच्या दोघांत आई-बाबांचं अर्धंच आलंय, दोघांत मिळूनबी अर्धंच. बाकीचं अर्धं समदं त्या आत्ता उठून गेला त्याच्याकडं. तो नसता तर तेवढं हरवलं असतं." तिनं ग्लास ठेवला. "गाडीत बसल्यावर दिनू गप. मी विचारलं काय झालं, तर बोलतो, ताई, आपल्याकडं नाय ते दादूसकडं हाय. बाबांचा आवाज त्याच्याकडं, उभं राहनं त्याच्याकडं. जळतो मी त्याच्यावर."

मी म्हटलं, "खोटं. दिनू जळायचा?"

"लहानपनापासून. तू दारातून हाक मारलीस की बाबांचीच वाटते, नि तो आरशासमोर उभा राहून तसा खाकरायचा. जमायचं नाय त्याला."

"मला सांगितलं का नाय?"

"त्यानीच सांगू नको बोलला. बोलला, दादूसला कळलं तर तो माईकवर सांगंल, नि आई-बाबांचे चार संच हायत त्याचे चाळीस करंल."

मला हसू यायला हवं होतं.

"आनि शालीचं?" मी विचारलं. "टाळ्या का वाजवत होता तो?"

ताईनं गोळ्यांची पाकिटं गोळा केली. "घरी येऊन बोलला मला. बाबांनी जल्मभर गावाचा बांध राखला, त्यांच्या खांद्यावर कवा कुनी शाल नाय टाकली. आज दादूसच्या खांद्यावर बघितली, नि वाटलं, पडली एकदाची."

असं आहे तर. म्हणजे मी दोन वर्षं तुझ्या गप्प बसण्यावर जळत होतो आणि तू त्या शालीत बाबांना बघत होतास. जळायचंही तू माझ्या आधी सुरू केलं होतंस, आवाज न करता, वहीत न लिहिता. तिथंही मला मागं टाकलंस. हे सगळं कळूनसुद्धा, दिनू, ताईनं उठताना पोटावर हात ठेवला ना, तेव्हा मला पुन्हा लागलंच. लागणार. ते काही गोळ्यांनी जायचं नाही.

जाताना मी दारातून विचारलं, "कसा हाय तो?"

"काम करतोय," ती म्हणाली. "तुझ्यासारका बोलत नाय."

रविवारी ही स्मरणिका लोकांच्या हातात पडेल तेव्हा नाक्यावर नवा बॅनर असेल. त्यावर तुझा एकट्याचा फोटो, आणि तू काय दिलंस ते. समारंभाला ताई येणार आहे. ती पिशवीतली शाल मी बरोबर आणतोय. सत्कारमूर्ती मैदानात हजर असायला लागतो, आणि तू हजर असशील तो तिच्याजवळच, म्हणून शाल तिच्या खांद्यावर टाकणार आहे. स्कोअररची खुर्ची माझ्या शेजारी रिकामी ठेवायला सांगितलीय. मी माईक घेईन. बाबांच्याच आवाजात सांगेन. तुझं नाव घेण्याआधी थांबणार नाही. जेवढं घडलं तेवढंच, ना ट्रेलर, ना बोट, ना दुबई. तुझे सहापैकी सहा. माझं शून्य.

तू लिहून घे.